चौरागडाच्या वाटेवर भेटलेल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही. आपण काटोलकडचे, एवढेच बोलता बोलता समजले होते, आणि शिखरावरच्या गर्दीत चुकामूक झाल्यामुळे नाव-गाव विचारायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्या पोह्यातल्या, म्हणजे आपल्यासोबत यात्रेला निघालेल्या जथ्यातल्या, कुणाच्या वाचनात ते आले, तर त्याने ते आपल्याला वाचून दाखवावे, ही विनंती.

महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री, मध्य प्रदेशातल्या पचमढीजवळ, बडा महादेवाच्या गुहेपासून चौरागडाच्या शिखराकडे वर निघालेल्या वाटेवर, पाय मुरगळून दगडावर बसलेली नागपूरची मुलगी आपल्याला आठवत असेल. ती मी. सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर म्हणजे धूपगड, १३५२ मीटरचे. पण तिथवर गाडी जाते. चौरागड त्याहून थोडासाच बुटका असला तरी तिथे पायीच चढावे लागते, आणि विदर्भातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन तो चढत आली आहेत. माझे आजोबाही चढले होते. त्या डोंगराचे रात्रीचे रूप, त्यावरच्या ताऱ्यांसकट, छायाचित्रात यावे, या एकाच इच्छेने मी नागपूरहून अडीचशे किलोमीटर प्रवास करून आले होते.

माझे सोबती पुढे निघून गेले होते आणि घोटा सुजू लागला होता. आपण थांबलात, काही न विचारता खाली बसलात आणि खांद्यावरचा दुपट्टा माझ्या पायाला असा घट्ट गुंडाळलात की पाऊल टेकवता येऊ लागले. “घाई नको करू बाई, महादेव कुठं पळून नाही चालला,” असे म्हणून आपण आपली काठी माझ्या हातात दिलीत. एका खांद्यावर नवसाचा त्रिशूळ आणि दुसऱ्या हातात माझा ट्रायपॉड, अशा अवस्थेत आपण पुढचा बराचसा चढ चढलात. काकूंनी दिलेला गुळाचा खडा आणि शेंगदाणेही मी विसरलेले नाही.

मात्र ज्या गोष्टीसाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे, ती पहाटे चारनंतरची. वळणावरच्या मोकळ्या कातळावरून शिखराचा काळा आकार समोर स्वच्छ दिसत होता आणि त्याच्या डावीकडे आकाशगंगेचा पट्टा वर येऊ लागला होता. असे चित्र घ्यायचे, तर कॅमेऱ्याचे शटर वीस-पंचवीस सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात एका बॅटरीचा झोत जरी समोर आला, तरी सगळे चित्र पांढरे पडते. यात्रेच्या वाटेवर अंधार मागायचा कुणाकडे? मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही चित्रे वाया गेली, आणि मी सामान आवरायला घेतले. आपण कारण विचारलेत. मी ते जमेल तसे सांगितले. मग आपण मागे वळून हाक दिलीत, “दिवे बंद करा रे जरासे, या पोरीले फोटो काढू द्या!”

पंचवीस-तीस माणसे उभ्या जागी थांबली. एकेक बॅटरी विझत गेली. गाणे मात्र कुणी थांबवले नाही. “एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव” हे त्या अंधारात इतके जवळून ऐकू येत होते की शटर दाबलेला माझा हात थरथरत होता. दमलेली, अनवाणी, लहान मुलांना कडेवर घेतलेली ती माणसे एका अनोळखी बाईसाठी उतारावर अंधारात उभी राहिली, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा. त्यानंतर बॅटऱ्या पुन्हा लागल्या, पोहा वर चालू लागला आणि मी चौथे चित्र घेतले. त्यात आपण सर्वजण कड्याला बिलगून वर गेलेली प्रकाशाची एक पिवळी रेघ झाला आहात. थोड्या वेळाने पूर्वेला चंद्राची बारीक कोर उगवली, तेव्हा आपण मंदिराशी पोचला असाल.

मला आवडते ते हे चौथे चित्र. निखळ ताऱ्यांची चित्रे नेटकी आहेत, पण डोंगर कशासाठी चढला जातो, ते या रेघेत दिसते.

त्याची एक मोठी प्रत मी चौकटीत बसवून घेतली आहे, आणि आपला दुपट्टा धुऊन, घडी करून तिच्यासोबत ठेवला आहे. काठी दाराशी उभी आहे. पुढच्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळण्याच्या सुमारास, मी या तिन्ही वस्तू घेऊन बडा महादेवापाशी, जिथून चढाची वाट सुरू होते, तिथे उभी असेन. आपल्या त्रिशुळाच्या दांड्याला लाल खण बांधलेला होता. यंदा त्रिशूळ नसला तरी आपला आवाज मी ओळखेन. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
नागपूरची छायाचित्रकार