सांता क्लारा काउंटीतील अनामिक साहाय्यकांचे आभार

आमच्या दिवंगत काकांच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील घराचे जुने दस्तऐवज शोधताना ज्यांनी मदत केली, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

क्लर्क-रेकॉर्डरच्या, म्हणजे काउंटीच्या दस्त-नोंदणी कार्यालयाच्या, खिडकीवरील बाईंनी पहिल्यांदा हे समजावले की खरेदीखते पत्त्यावरून नव्हे, तर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावावरून शोधायची असतात, आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे घालून पाहावे. मराठी आडनावांच्या बाबतीत हा सल्ला लाखमोलाचा ठरला, कारण १९८०च्या दशकातील खतात काकांच्या आडनावातील एक अक्षर गळलेले होते. कर्ज फिटल्याची नोंद, म्हणजे 'रिकन्व्हेयन्स', त्याच नावाखाली सापडली.

ग्रंथालयातील एका वयस्कर स्वयंसेवकांनी, इतर सरकारी खात्यांच्या कागदांसाठी कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टनुसार (राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्यानुसार) अर्ज करताना कारण सांगावे लागत नाही, मात्र हवा असलेला कागद आणि त्याचा काळ नेमका लिहावा, हे माझ्या मसुद्यावर पेन्सिलीने खुणा करून दाखवले. अर्जावर निर्णय कळवण्यास खात्याला १० दिवस असतात, विशिष्ट परिस्थितीत आणखी १४. कागद प्रत्यक्ष पाहण्यास शुल्क नाही, प्रतींचा खर्च तेवढा द्यावा लागतो. मृत्यूच्या दाखल्याच्या अधिकृत प्रतीसाठी मात्र नाते सांगणारे शपथपत्र लागते, हेही त्यांनीच सांगितले.

या दोघांचे, आणि तळघरातील मायक्रोफिल्म यंत्र न कंटाळता लावून देणाऱ्या तरुणाचे आमचे कुटुंब मनःपूर्वक ऋणी आहे.