वहिनींच्या औषधाविषयी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वहिनींच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा बायोप्सी अहवाल, डॉक्टरांनी सुचवलेली इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकरवी कर्करोगाशी लढण्याचा उपचार, आणि त्याखाली दाटीवाटीने लिहिलेले तुझे प्रश्न मी दोनदा वाचले. फोनवर बोललो असतो तर तू मला मध्येच तोडले असतेस आणि मीही भरकटलो असतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, हे तुला सांगायला नको. चोवीस वर्षे जीवशास्त्र शिकवलेला मास्तर आहे, आणि दादाच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगामुळे ही उपचारपद्धती जवळून पाहिलेला भाऊ आहे. यातली दुसरी ओळखच या पत्राला जास्त उपयोगी पडेल.

तुझ्या एका प्रश्नापाशी मी अडलो. ‘हे औषध प्रतिकारशक्ती वाढवते, तर जोडीला शक्तिवर्धक चूर्णेही सुरू करावीत का?’ असे तू विचारले आहेस. ‘वाढवते’ हा शब्द तू मनातून काढून टाकावास, अशी माझी विनंती आहे. वहिनींना मिळणारे पेम्ब्रोलिझुमॅब प्रतिकारशक्ती वाढवत नाही. अडकून पडलेली शक्ती ते मोकळी करते. हा शब्दांचा कीस वाटेल, पण औषधाचा गुण, त्याचा संथपणा आणि त्याचा धोका या तिन्ही गोष्टी या एका फरकातून निघतात.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर सतत मांडून ठेवत असते. हे तुकडे बहुधा आठ-दहा अमिनो आम्लांचे, म्हणजे अगदीच चिमुकले असतात. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी अंगभर फिरत हे तुकडे चाचपून पाहतात. घरचा तुकडा दिसला तर पुढे जातात आणि विषाणूचा दिसला तर तो मांडणारी पेशीच मारून टाकतात. कर्करोगाची पेशी ही मुळात आपलीच पेशी असते, पण तिच्या डीएनएमध्ये बदल झालेले असल्यामुळे तिची काही प्रथिने किंचित वेगळी बनतात आणि तिने मांडलेल्या तुकड्यांत अधूनमधून एखादा परका तुकडा येतो. तंबाखूच्या धुराने किंवा तीव्र उन्हाने झालेल्या कर्करोगांत असे बदल फार असतात, आणि फुफ्फुसाच्या व त्वचेच्या काही कर्करोगांत ही उपचारपद्धती अधिक लागू पडते त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. जेथे परके तुकडे मुळातच थोडे असतात, तेथे टी पेशी मोकळी करूनही तिला शत्रू सापडत नाही.

मग ओळख पटूनही गाठ वाढते कशी? त्याचे असे आहे की टी पेशीला आवरण्याची सोय शरीरानेच करून ठेवलेली असते आणि ती सोय जीवनावश्यक असते. सीटीएलए-४ नावाचे आवरणारे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नाही असे उंदीर संशोधकांनी तयार केले, तेव्हा ते तीन-चार आठवड्यांतच मेले, कारण त्यांच्या टी पेशी त्यांच्याच हृदयात, यकृतात आणि इतर अवयवांत घुसल्या होत्या. पीडी-१ हे असेच दुसरे प्रथिन. ते टी पेशीवर असते आणि त्याचा जोडीदार पीडी-एल१ हा इतर पेशींवर असतो. टी पेशी हल्ला करू लागली की आसपासच्या पेशी पीडी-एल१ पुढे करतात, तो पीडी-१ मध्ये अडकतो आणि टी पेशीला ‘आता पुरे’ असा निरोप जातो. म्हणजे त्यांनी तिचे मनगट धरलेले असते. निरोगी पेशींचा यामुळे बचाव होतो. कर्करोगाच्या पेशी मात्र हीच युक्ती उचलतात आणि मारायला आलेल्या टी पेशीचा हात धरून ठेवतात. पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रयोगशाळेत तयार केलेली अँटीबॉडी त्या मनगटावर, म्हणजे पीडी-१ वर, जाऊन बसते आणि मग गाठीला धरायला जागाच उरत नाही. एवढेच तिचे काम. कर्करोगाच्या पेशीला ती स्वतः बोटही लावत नाही.

आता अहवालातल्या त्या आकड्याकडे येतो. ‘पीडी-एल१ साठ टक्के’ हे वाचून तू घाबरलास, कारण आजाराच्या कागदावरचा मोठा आकडा आपल्याला वाईटच वाटतो. येथे उलट आहे. गाठीतल्या साठ टक्के पेशींवर तो हात धरणारा जोडीदार दिसला, याचा अर्थ गाठ बहुधा याच युक्तीवर तगून आहे आणि ती युक्ती मोडली तर फरक पडण्याची शक्यता जास्त आहे. त्यातही एक गमतीचा भाग आहे. टी पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य सोडते, आणि त्याच द्रव्यामुळे गाठीवरचा पीडी-एल१ वाढतो. म्हणजे हा आकडा पुष्कळदा टी पेशी तेथवर पोहोचल्याची खूणच असते. अहवालात ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचे बदल नाहीत, हेही डॉक्टरांनी पाहिले आहे, कारण ते बदल असते तर त्यांच्यासाठीच्या गोळ्या आधी आल्या असत्या. तशा गाठींवर इम्युनोथेरपी एकटी सहसा फारसे काही करत नाही.

हे सगळे नवे आणि म्हणून प्रयोगासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. नवे आहे, पण कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमधल्या विल्यम कोली या शल्यविशारदाला जुन्या नोंदींत एक रुग्ण सापडला. त्याच्या मानेवरची गाठ पुन्हापुन्हा कापूनही उगवत होती, पण त्वचेला जिवाणूंचा तीव्र संसर्ग होऊन ताप भरल्यावर ती गाठच नाहीशी झाली. कोलीने त्या माणसाला शहरात शोधून काढले, तर तो ठणठणीत होता. त्यानंतर १८९१ पासून कोली रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचू लागला. काहींच्या गाठी खरोखर विरघळल्या, काही जण संसर्गाने दगावले, आणि असे का होते हे सांगणे तेव्हा कोणालाच शक्य नसल्यामुळे किरणोपचार आणि पुढे केमो आल्यावर हा मार्ग मागे पडला. त्याचा एक धागा मात्र टिकला: मूत्राशयाच्या प्राथमिक अवस्थेतल्या कर्करोगावर क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडतात. ही पद्धत १९७६ पासून माहीत आहे आणि आजही वापरात आहे.

प्रतिकारयंत्रणेला चेतवत राहण्यापेक्षा तिला कशाने अडवले आहे ते पाहावे, हा विचार मात्र फार उशिरा आला. जपानमध्ये तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पीडी-१ सापडले ते कर्करोगाच्या शोधात नव्हे. पेशी स्वतःहून कशा मरतात हे तेथे तपासले जात होते आणि त्या प्रथिनाच्या नावात (पीडी म्हणजे ‘प्रोग्राम्ड डेथ’) आजही तो मृत्यूच आहे. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ अडवणारी अँटीबॉडी उंदरांना दिली आणि त्यांच्या गाठी नाहीशा झाल्या. तो निबंध १९९६ मध्ये छापून आला. इतके स्वच्छ उत्तर हाती असूनही माणसांसाठीचे पहिले औषध, इपिलिमुमॅब, मंजूर व्हायला २०११ साल उजाडले. पीडी-१ अडवणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ मध्ये आली आणि ॲलिसन व होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मधली पंधरा वर्षे संशयातच गेली, आणि खरे सांगायचे तर तो संशय अगदीच अनाठायी नव्हता, कारण त्याआधीच्या कर्करोगावरच्या कितीतरी लसींनी उंदीर बरे केले होते आणि माणसांच्या बाबतीत निराशा केली होती.

तू पाठवलेल्या कात्रणातली टी पेशी बाहेर काढून, जनुक बदलून परत सोडण्याची पद्धत, कार-टी, ही वेगळी गोष्ट आहे. ती आज मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांसाठी वापरतात. वहिनींच्या बाबतीत तिचा विचार तूर्त बाजूला ठेव.

आता दादाविषयी लिहितो, कारण पत्र लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे. त्याला निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन्ही एकत्र, दर तीन आठवड्यांनी दिली जात होती. सलाईन लागायचे, दादा पेपर वाचायचा आणि दुपारी घरी येऊन जेवायचा. केस गेले नाहीत, उलट्या झाल्या नाहीत, आणि आम्ही सगळे त्या सोपेपणावर भाळलो. तिसऱ्या डोसनंतर दहा-बारा दिवसांनी त्याला जुलाब सुरू झाले. बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल म्हणून मीच त्याला घरातली जुलाब थांबवणारी गोळी दिली. दुसऱ्या रात्री तो नऊ वेळा उठला. पहाटे स्वच्छतागृहाच्या भिंतीला हात लावून उभा असलेला दादा आणि भांड्यातले ते रक्त पाहिल्यावर मला वर्गात शिकवलेला धडा आठवला: मोकळ्या सोडलेल्या टी पेशी गाठ आणि आतडे यांत गल्लत करू शकतात. आम्ही दोन दिवस फुकट घालवले होते आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. रुग्णालयात स्टिरॉइड सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी जुलाब आटोक्यात आले, मग कित्येक आठवडे तो डोस हळूहळू उतरवावा लागला, आणि इपिलिमुमॅबचा चौथा डोस दिलाच नाही. तरी पुढच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात पसरलेल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या, कारण एकदा मोकळ्या झालेल्या टी पेशी औषध थांबल्यावरही कामाला लागलेल्या राहू शकतात.

वहिनींचे औषध एकच असल्यामुळे त्यांना असा त्रास होण्याची शक्यता दादापेक्षा कमी आहे, पण ती शून्य नाही. केमो भराभर विभागणाऱ्या पेशी मारते, म्हणून तिचा त्रास केस, तोंड आणि रक्त यांत अपेक्षेप्रमाणे दिसतो. या औषधाचा त्रास कोणत्याही अवयवात आणि कधीही, अगदी उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही, दिसू शकतो. नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर ती फुफ्फुसाची सूज असू शकते. आजारच फुफ्फुसाचा असल्यामुळे ‘हे तर असायचेच’ म्हणून सोडून देण्याचा मोह होईल, तो टाळावा. जुलाब, अंगावर उठणारे चट्टे, डोळ्यांचा पिवळेपणा, न ओसरणारी डोकेदुखी, एकाएकी वाढलेली तहान, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन कर, रात्र असली तरी. थायरॉइड मंदावणे तर बरेचदा होते. त्याची गोळी बहुधा कायमची घ्यावी लागते, पण उपचार थांबवावा लागत नाही. आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जावे लागले तर पहिले वाक्य ‘यांची इम्युनोथेरपी चालू आहे’ हेच असू दे, नाहीतर ते जंतुसंसर्ग समजून भलतीकडेच वळतील. चूर्णांचे उत्तर तुला यातच मिळाले असेल. त्यांत नेमके काय आहे आणि ते यकृताला काय करते हे सांगता येत नाही, आणि उद्या यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला तर तो कशामुळे, हे डॉक्टरांना ओळखता येणार नाही.

बरे होतील का, हा प्रश्न तू सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक अक्षरात लिहिला आहेस. वहिनींसारख्याच, म्हणजे पीडी-एल१ पन्नास टक्के किंवा अधिक असलेल्या आणि आजार पसरलेल्या ३०५ रुग्णांवर पेम्ब्रोलिझुमॅबची केमोशी तुलना झालेली आहे. पाच वर्षांनंतर पेम्ब्रोलिझुमॅबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के हयात होते आणि केमोने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के, आणि हा फरक दुसऱ्या गटातल्या अनेकांना नंतर हेच औषध मिळूनही टिकला. या आकड्यात दिलासा आहे आणि तो किती आहे याची मर्यादाही आहे. तू दोन्ही बाजू पाहाव्यास म्हणून लिहिला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे उदाहरण तुला कोणीतरी पाठवले आहे. मेंदूपर्यंत पसरलेला त्वचेचा कर्करोग २०१५ मध्ये निघाला, हेच औषध मिळाले आणि ते शंभर वर्षे जगले, हे खरेच आहे. पण त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचारही झाले होते, आणि एका माणसाच्या गोष्टीवर आपला हिशेब मांडू नये.

पहिला स्कॅन नऊ आठवड्यांच्या सुमारास का, असे तू विचारले आहेस. टी पेशींना वाढायला, गाठीत शिरायला आणि काम करायला वेळ लागतो, आणि क्वचित असेही होते की त्या आत शिरल्यामुळे गाठ आधी थोडी मोठी दिसते. त्यामुळे गाठीच्या मापाचा आकडा किंचित वाढलेला निघाला तर लगेच हात-पाय गाळू नकोस; वहिनींना कसे वाटते आहे, भूक आहे का, वजन टिकून आहे का, हेही डॉक्टर विचारात घेतील.

पहिल्या सलाईनच्या दिवशी मी येतो आहे. तोवर थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड आणि साखर यांच्या आजच्या तपासण्यांचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेव, कारण पुढे काही बिघडले तर तुलना त्यांच्याशीच करायची आहे. त्या फाइलच्या पहिल्या पानावर रात्री उचलला जाईल असा रुग्णालयाचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरात लिही. दादाच्या फाइलमध्ये तो सतराव्या पानावर होता.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव