बापूजी अण्यांचे साप्ताहिक रद्दीत जाऊ देऊ नका

महोदय,

२६ जानेवारी हा लोकनायक बापूजी अणे यांचा स्मृतिदिन. १९६८ साली याच दिवशी ते गेले. वणीत जन्मलेल्या आणि यवतमाळात वकिली केलेल्या या माणसाची ओळख आमच्याच भागात ‘बिहारचे राज्यपाल होते’ एवढ्यावर येऊन थांबावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. राज्यपालपद मिळण्याच्या तीस वर्षे आधी, १९१८ साली, त्यांनी यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले होते. नाव लोकमान्यांनी सुचवले असे सांगतात. आजचे त्याच नावाचे मोठे दैनिक सर्वांना माहीत आहे. त्याचे मूळ या छोट्या साप्ताहिकात आहे हे नव्या मुलांना सांगावे लागते.

अणे टिळकांचे निस्सीम अनुयायी. तरीही १९३० च्या जुलैत गांधीजींच्या कायदेभंगात पुसदजवळ गवत कापून जंगलाचा कायदा मोडायला तेच पुढे झाले. विदर्भाला समुद्र नाही, मग मिठाऐवजी जंगल! पुढे जातीय निवाड्यावर, म्हणजे धर्म-जातींनुसार वेगळे मतदारसंघ देणाऱ्या इंग्रज सरकारच्या निर्णयावर, काँग्रेसची भूमिका पटली नाही, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा पक्ष काढला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि ती गैर नव्हती, असे माझे मत आहे. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे उपोषण सुरू असताना त्याच मंडळाचा राजीनामा त्यांनी दिला. मत पटले नाही की खुर्ची सोडायची, हा त्यांचा स्वभाव होता.

१९४८ च्या जानेवारीत ते पाटण्याच्या राजभवनात गेले. त्यांच्या आधीचे राज्यपाल जयरामदास दौलतराम हेही एकेकाळी ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक. वृत्तपत्रातून आलेली दोन माणसे एकाच राज्यात लागोपाठ राज्यपाल व्हावीत, हे मला विशेष वाटते. अण्यांच्याच कारकिर्दीत, १९४९ साली, तेव्हा बिहारात असलेल्या पुरुलियाच्या एका छापखान्याकडून सरकारने अनामत, म्हणजे आक्षेपार्ह छपाईबद्दल तारण म्हणून ठेवायची रक्कम, मागितली. त्यासाठी वापरलेला कायदा होता १९३१ चा, इंग्रजांनी कायदेभंगाच्या काळात वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करायला केलेला. पुढच्या वर्षी पाटणा उच्च न्यायालयाने त्या कायद्यातले संबंधित कलम घटनाबाह्य ठरवले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे, हे मान्य. पण ज्याने स्वतः पत्र चालवले आणि कायदेभंगात तुरुंग पाहिला, त्याला या प्रकरणात काय वाटले असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. कुणी अभ्यासकाने त्यांचा पत्रव्यवहार त्या दृष्टीने पाहावा.

जून १९५२ मध्ये पद सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९६२ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरून नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. त्या मागणीबद्दल वाचकांचे मत काहीही असो, त्या वयात पक्षाच्या आधाराशिवाय लोकांपुढे उभे राहायला छाती लागते. टिळकांवर त्यांनी संस्कृतात महाकाव्य लिहिले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, त्यांच्या मागे.

माझी विनंती त्या पहिल्या साप्ताहिकाबद्दल आहे. आमच्याकडे जुने वाडे भराभर पाडले जात आहेत. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जातात आणि कागद वजनावर विकला जातो. वणी, यवतमाळ, पुसद, दारव्हा भागात कुणाच्या घरी त्या काळातले ‘लोकमत’चे अंक, एखादे पान जरी असेल, तरी ते टाकू नये, जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाखवावे. ग्रंथालयांनी मूळ अंक मालकाकडेच राहू द्यावा, पण त्याची चांगली प्रत स्कॅन करून ठेवावी. आपल्या वृत्तपत्राने या कामी आवाहन छापले, तर गावोगावचे निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन विचारपूस करतील. मी वणीपासून सुरुवात करायला तयार आहे.

— एक निवृत्त शिक्षक, वणी (जि. यवतमाळ)