दूध की औषध, हा पेच बाळंतिणीवर टाकू नये : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ बारा दिवसांचे असताना तिची झोप उडाली, ती रात्रभर येरझाऱ्या घालू लागली आणि ‘हे माझे बाळ नव्हे’ म्हणू लागली. बाहेरची बाधा समजून दृष्ट काढण्यात, अंगारा लावण्यात आमचे चार दिवस गेले. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी प्रसूतीनंतरच्या सायकोसिसचे, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या तीव्र मानसिक आजाराचे, निदान करून त्यावरचे ओलान्झापिन हे औषध सुरू केले आणि तिला उतार पडू लागला. मात्र दीड महिन्याच्या लसीला गेलो असता औषधाची चिठ्ठी पाहून तेथे कोणीतरी सांगितले, ‘या गोळ्या चालू असतील तर अंगावर पाजू नका.’ पंधरवड्याने बाळाच्या झबल्यांखाली, चिंधीत बांधलेल्या अकरा गोळ्या आईला सापडल्या. दुधातून बाळाला विष जाईल या भीतीने बहीण रोज रात्री पाणी पिऊन गोळी मुठीत लपवत होती. आजार उलटला, तिला दाखल करावे लागले आणि बाळ वरच्या दुधावर आमच्याकडे राहिले.

तो सल्ला चुकीचा होता. ओलान्झापिन आईच्या दुधात उतरते, पण फार थोडे. वजनाच्या हिशेबाने बाळाला मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या साधारण एक-दोन टक्के भरते, आणि दहा टक्क्यांच्या आतील मात्रा सहसा स्वीकारार्ह मानली जाते. क्वेटियापिन या अशाच दुसऱ्या औषधाचे प्रमाण त्याहूनही कमी असते. सगळीच औषधे सारखी नाहीत, हेही खरे : क्लोझापिनमुळे बाळाच्या पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने ते घेताना स्तनपान टाळण्यास सांगतात, तर अॅरिपिप्राझोलने दूधच कमी होऊ शकते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, फार झोपत असेल, ओढून पीत नसेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवायला हवे. म्हणूनच औषध आणि बाळ दोन्ही पाहून निर्णय व्हावा. सरसकट ‘बंद करा’ म्हटल्याने आई बहुधा दूध नव्हे, औषध बंद करते.

हा आजार हजारांत एक-दोन बाळंतिणींना होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच डोके वर काढतो. आपल्या आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी येतातच. त्या भेटीत झोपेची आणि चालू औषधांची चौकशी व्हावी, आणि शंका आल्यास आईला गोळी थांबवायला न सांगता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर बोलते करावे, एवढा लेखी आदेश आपण काढावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि लसीकरणाच्या खोलीत कोणत्या औषधासोबत पाजता येते, हे सोप्या मराठीत सांगणारे, तज्ज्ञांनी तपासलेले एक पान असावे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार दाखल आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा दूर करायचे नसते; धोका असल्यास तात्पुरते दूर करता येते, पण त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. माझ्या बहिणीला हे कोणी सांगितले नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष २००९ पासून आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील आपल्या मनोरुग्णालयांत तशा निदान काही खाटा तरी असाव्यात.

ते पान छापण्यापूर्वी या आजारातून उठलेल्या बायकांना वाचून दाखवावे, ही विनंती. माझी बहीण त्यासाठी यायला तयार आहे.

आपली नम्र,
एका बाळंतिणीची थोरली बहीण