पॉम्पेईला दोन तास, आणि आमच्या भोकरदनच्या बाईला शून्य मिनिटं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीच्या सहलीवर पूर्ण पानभर लेख आलाय, फोटो झकास आहेत, पण वाचल्यापासून डोक्यात नुसता भुंगा लागलाय म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. आधीच सांगते, मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे कोणी नाही. बँकेत चौतीस वर्षं काढून गेल्या वर्षी रिटायर झालेली, ठाण्याच्या चरईत राहणारी साधी बाई आहे. आमच्याकडे सध्या सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळ्यांपर्यंत इटलीशिवाय विषय नाही, ऑक्टोबरमध्ये जायचं ठरलंय, त्यामुळे तुमचा लेख मी पेन्सिल घेऊन वाचला असं म्हटलं तरी चालेल.

लेखात रोम आहे, व्हेनिस आहे, पिसाचा मनोरा हाताने धरल्यासारखा फोटो कसा काढायचा तेही आहे. पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या जुन्या रोमन गावाला, मात्र चार ओळी, आणि तिथे सापडलेल्या आपल्याकडच्या हस्तिदंती मूर्तीचं तर नावही नाही. "वेळ असल्यास दोन तासांत बघून होते" असं लिहिलंय. हेच वाक्य मी मार्चमध्ये एका टूर कंपनीच्या ऑफिसात ऐकलं होतं (नाव कशाला घ्यायचं, थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच). नऊ दिवसांची टूर, रोज रात्री डाळ-भात गॅरंटीड, कोलोसियम 'बाहेरून', म्हणजे बस थांबणार, आपण उतरून फोटो काढणार आणि परत बसमध्ये. पॉम्पेई ऑप्शनल, दोन तास, पैसे वेगळे. मी म्हटलं, पॉम्पेईतल्या वस्तू ठेवलेलं नेपल्सचं म्युझियम? तर तो मुलगा म्हणाला, काकू खरं सांगू का, त्या पडक्या भिंती बघून लोक कंटाळतात, त्यापेक्षा कॅप्री बेटाची बोट घ्या, काकांना पण आवडेल. काकांना खरंच आवडली असती, ते ब्रोशर खिशात टाकायलाच निघाले होते. मी नको म्हटलं आणि उठले.

आता मी एवढी हटून का बसले ते सांगते. माझं माहेर भोकरदन, जालना जिल्हा, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. गावाला लागून पांढरीचं टेकाड आहे. मराठवाड्यातल्या लोकांना पांढरी म्हणजे काय ते सांगायला नको, इकडच्यांसाठी सांगते, जुनी वस्ती ढासळून ढासळून झालेली पांढुरकी माती, लोक ती घर लिंपायला न्यायचे. पहिला पाऊस पडून गेला की आम्ही पोरं तिथे वाकून वाकून मणी शोधायचो. लाल मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं. माझ्याकडे एका खोबरेल तेलाच्या डबीत असे अकरा मणी होते, ती डबी पुढे कुठे गेली देव जाणे. मी तिसरीत असताना, १९७३ साली, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठाची माणसं येऊन तिथे खणायला लागली, दोऱ्या लावून चौकोन आखलेले, आणि आम्हाला आत जायला बंदी. आजी म्हणायची, गुप्तधन शोधतायत मेले, आपल्याला थोडीच सांगणारेत.

गुप्तधन नाही पण हस्तिदंताची एक बाई निघाली. आणि हे मला कळलं कधी, तर रिटायर झाल्यावर, मोबाइलवर पॉम्पेईचं काहीतरी वाचता वाचता. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या लोकांनी सांचीच्या आणि भारहूतच्या बौद्ध स्तूपांना दानं दिली, त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर कोणी शिकवलं नाही, पण पानिपतापाशी पोरं अडखळली की छडी होतीच.

तर मुद्दा असा की भोकरदनला निघाली तशीच, जवळजवळ बहीण शोभेल अशी हस्तिदंताची मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईत एका घरात सापडलीय. घराचं नावच आता 'भारतीय मूर्तीचं घर' पडलंय. उंची जेमतेम वीतभर, गळ्यात भरगच्च हार, हातभर बांगड्या, पायात गुडघ्यापर्यंत कडी-तोडे, आमच्याकडच्या बंजारा बायका आठवाव्यात इतकी नटलेली, दोन बाजूंना साजशृंगाराचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. डोक्यात एक भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या तिवईचा पाय असेल. तिकडच्या लोकांनी तिला लक्ष्मी म्हणून टाकलं, नंतरच्या अभ्यासकांनी सांगितलं की लक्ष्मी नव्हे यक्षी असावी. तशीच तिसरी बाई आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरला सापडली. आता पॉम्पेईवालीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे आणि ती लिपी भारताच्या वायव्येकडची, त्यामुळे ती तिकडून गेली असं म्हणणारेही आहेत. असू दे. मी माहेरची बाजू घेणार, त्यात काय एवढं.

विचार करा, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि अख्खं गाव राखेखाली गेलं, म्हणजे ही बाई त्याच्या आधीच तिथे पोचलेली होती. बैलगाडीने घाट उतरून, मग जहाजातून लाल समुद्र, मग इजिप्त, मग परत जहाज. त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने बंदरांची माहिती लिहून ठेवलीय, त्यात पैठण आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर आहे, सोपारा आहे, चौल आहे, आणि आपलं कल्याणसुद्धा आहे. म्हणे कल्याण आधी चांगलं चालतं बंदर होतं पण नवीन राज्यकर्त्यांनी तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात गुजरातेतल्या भडोचला धाडायला सुरुवात केली. मी चौतीस वर्षांतली नऊ वर्षं कल्याण ब्रांचला अप-डाऊन केलं, खाडी रोज बघितली, पण तिथे कधी रोमचा माल उतरत असेल असं मनात पण आलं नाही, मनात एवढंच की मुंब्र्याला गाडी रखडायला नको.

आणि प्लिनी. हा रोमन गृहस्थ लिहून गेला की भारत दरवर्षी आपले ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, आणि दुसऱ्या एका ठिकाणी भारत, चीन, अरबस्तान मिळून हिशोब मांडून म्हणतो की आपली चैन आणि आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा हाच प्लिनी तिथल्या आरमाराचा प्रमुख होता, लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला आणि किनाऱ्यावरच मेला. त्याच्या नाकासमोर, त्याच डोंगराखाली, एका घरात आमच्याकडची ही नटवी बाई पडलेली. हे तुमच्या चार ओळींत यायला नको होतं का हो?

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती अजून भोकरदनलाच असते, नव्वदीला टेकलीय. सगळं ऐकून म्हणाली, अगं मग ओटीचं सामान ने ना बरोबर. आता तिला काय सांगू, की ती मूर्ती नेपल्सच्या म्युझियमात ज्या खोलीत ठेवलीय तिला 'गुप्त कक्ष' म्हणतात आणि तिथे पॉम्पेईत सापडलेली चावट चित्रं आणि वस्तू जमा करून ठेवल्यात, कित्येक वर्षं ती खोली बायकांना बंद असायची, २००० साली ती सगळ्यांसाठी उघडली, आजही चौदा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत. बाईच्या अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही म्हणून तिची रवानगी तिकडे. आमच्या मिस्टरांनी हे कळल्यावर कॅप्रीचा नाद सोडला हे मात्र कबूल करायला पाहिजे.

तर आम्ही प्लॅन उलट्या बाजूने केलाय. आधी ती वीतभर बाई, मग तिच्या अवतीभोवती बाकीची इटली. मुक्काम नेपल्सलाच चार रात्री, रोममधून फास्ट ट्रेनने सव्वा तासात पोचतो. व्हिसाचं सांगायचं तर कागद, कागद आणि कागद, ९० युरो फी, ३० हजार युरोचा तरी इन्शुरन्स, बँकेची स्टेटमेंटं, आयटी रिटर्न, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका एवढंच.

पॉम्पेईला एक पूर्ण दिवस ठेवलाय. ६६ हेक्टरचं गाव आहे ते, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग अजून खणायचाच राहिलाय, दोन तासांत काय डोंबल बघणार! नेपल्सहून सोरेंतोच्या लोकलने जायचं, साधारण पाऊण तास, आणि उतरायचं ते 'पॉम्पेई स्कावी' नावाच्या स्टेशनवर, कारण नुसतं पॉम्पेई म्हणून आजच्या गावाचं स्टेशन वेगळं आहे आणि लोक तिथे उतरून चालत बसतात. त्या लोकलमध्ये गर्दी आणि खिसेकापू दोन्ही आहेत असं सगळे घाबरवतात. ठाण्याहून सकाळच्या फास्टमध्ये जो चढलाय त्याला काय घाबरवता. तिकीट आधी ऑनलाइन काढावं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजारच माणसं आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, म्हणजे आमची ठेपले, पाणी, छत्री, स्वेटर कोंबलेली सॅक बाहेरच. सावली जवळजवळ नाही आणि रस्ते सगळे ओबडधोबड दगडांचे, मिस्टरांचा उजवा गुडघा बोलतो, म्हणून ऑक्टोबर. (गंमत म्हणजे स्फोट ऑगस्टमध्ये झाला असं आत्तापर्यंत धरून चालले होते, पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, १७ ऑक्टोबरची, म्हणजे तेव्हा गाव अजून नांदत असावं.)

मला तिथले रस्ते बघायचेत खरं तर. रस्ता ओलांडायला मध्ये मोठमोठे उंच दगड बसवलेत, पाणी, शेण, चिखल सगळं खालून वाहणार आणि माणूस वरून कोरड्या पायाने पलीकडे, दगडांमधल्या फटीतून बैलगाडीची चाकं बरोब्बर जातील एवढी जागा सोडलेली. दोन हजार वर्षांपूर्वी. आमच्या गल्लीत पहिल्या सरीला लोक विटा टाकून त्यावरून उड्या मारत येतात, ते बघताना मला हटकून पॉम्पेई आठवतं. आणि भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती, हजारो, अमक्याला निवडून द्या तो चांगला माणूस आहे. फ्लेक्स नव्हते एवढाच काय तो फरक.

मिस्टरांसाठी दुसऱ्या दिवशी हर्क्युलेनियम, त्याच स्फोटात गाडलं गेलेलं दुसरं गाव, त्याच लोकलवर अलीकडे लागतं, आटोपशीर आहे, आणि तिथे जळून कोळसा झालेली लाकडी दारं-तुळयासुद्धा शिल्लक आहेत. जेवणाची काळजी मी करत नाही, नेपल्सच्या मारिनारा पिझ्झ्यावर चीजच नसतं, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल. चीज खाणाऱ्यांनी मात्र विचारून खा, तिकडच्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात.

त्याच्या आधी श्रावणात तेरला जाऊन यायचंय, तिथल्या सरकारी म्युझियममध्ये. इतकी वर्षं तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, गाडी त्याच रस्त्याने गेली आणि तेरचा फाटा कधी घेतला नाही, याची आता जरा लाज वाटते. तेर आणि नेपल्स दोन्ही बघितलेले कोणी वाचक असतील तर त्यांचा अनुभव जरूर छापा, वाट बघते.

आणि एक दुरुस्ती मात्र पुढच्याच अंकात टाका प्लीज. तुमच्या लेखातल्या चौकटीत 'सोमवारी पॉम्पेई, मंगळवारी नेपल्सचे म्युझियम' असं छापलंय. नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम मंगळवारी बंद असतं. आम्ही पण आधी तोच वार धरला होता, हॉटेलचं बुकिंग झाल्यावर लक्षात आलं आणि एक रात्र पुढे ढकलायला चाळीस युरो जादा गेले. तुमची चौकट कापून कोणी पाकिटात ठेवली असेल तर तो बिचारा एवढ्या लांब जाऊन बंद दरवाजाचा फोटो काढून येईल.

आपली,
एक जुनी वाचक, चरई, ठाणे