वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यासाठी लोकनिधी उभारावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चचा मनोरा सावरण्यासाठी नागरिकांच्या देणग्यांतून एक स्वतंत्र निधी उभा करावा आणि त्याचा विनियोग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत व्हावा, अशी सूचना मी आपल्या दैनिकाद्वारे वसईकरांपुढे आणि एकूणच मराठी वाचकांपुढे ठेवत आहे.

सोळाव्या शतकात उभ्या राहिलेल्या या चर्चचा १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, जीर्णोद्धार झाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. किल्ल्यातील पडझड झालेल्या सर्व चर्चवास्तूंमध्ये हा मनोरा दुरूनही नजरेत भरतो. आतल्या अरुंद गोल जिन्याने वर गेले की तटबंदी, खाडी आणि समुद्र एकाच वेळी दिसतात. नेमकी हीच गोष्ट मला काळजीची वाटते, कारण सुटीच्या दिवशी तरुण मंडळी त्या जिन्यावर गर्दी करतात आणि ज्या भिंतींच्या आधाराने ती चढतात त्या भिंतींचे सांधे आतून किती मोकळे झाले आहेत, याची त्यांना कल्पना नसते.

अशा वास्तूचा ऱ्हास कसा होतो हे समजून घेतल्याशिवाय पैसे कशासाठी हवेत ते कळणार नाही. छप्पर गेले की भिंतींचे माथे उघडे पडतात आणि दर पावसाळ्यात पाणी वरून आत उतरून दगडांमधला चुना थोडा थोडा धुऊन नेते. समुद्रावरच्या वाऱ्यातील क्षार दगडाच्या पृष्ठभागात साचून त्याचे पापुद्रे काढतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वडा-पिंपळाचे बी रिकाम्या सांध्यात रुजते, आणि मूळ जाड होत गेले की तासीव दगडसुद्धा जागचा हलतो. दरवर्षी फांद्या छाटून भागत नाही, कारण छाटलेले झाड पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटते. मुळे आतपर्यंत मारून, पोकळी चुन्याने भरून, मगच सांध्यांना दरजा भरावा लागतो. हे काम सिमेंटने उरकणे घातक ठरते. सिमेंटचा थर ओल बाहेर पडू देत नाही, आणि कोंडलेली ओल शेवटी दगडालाच खाते. त्यासाठी भिजवून मुरवलेला चुना, सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) आणि तो चुना हाताळता येणारे गवंडी लागतात. असे गवंडी आज फार थोडे उरले आहेत, आणि उंच मनोऱ्याला चहूबाजूंनी परांची बांधायची म्हटले की खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

दिरंगाईचा परिणाम काय होतो हे जुन्या गोव्यात दिसते. तेथील सेंट ऑगस्टीनचे चर्च १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे कमानदार छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोरा खाली आला. आज जगभरचे प्रवासी तो उरलेला ४६ मीटरचा सुळका पाहायला जातात. त्याच गावातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी दगड वसईहून गेला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या दगडाने गोव्याला तो लौकिक दिला, त्या दगडाच्या मूळ गावी तरी ऑगस्टीनच्या मनोऱ्याची गत होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असल्याने गावकऱ्यांनी वर्गणी काढून परस्पर गवंडी लावणे बेकायदेशीर आहे आणि ते योग्यही नाही. मात्र १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी नेमक्या अशाच कामासाठी आहे. देणगीदार विशिष्ट स्मारकासाठी रक्कम देऊ शकतो, प्रकल्पाचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो, लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात, आणि जुन्या करप्रणालीत देणगीच्या पूर्ण रकमेची वजावट मिळते. या वाटेने आजवर प्रामुख्याने मोठ्या कंपन्या आल्या. हजार-पाचशे रुपये देणाऱ्या शेकडो माणसांच्या वतीने एखाद्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने त्याच वाटेने का जाऊ नये?

पोर्तुगीज सत्तेने बांधलेल्या चर्चसाठी मराठी माणसाने पैसे का द्यावेत, असा प्रश्न काही जण करतील. त्या सत्तेने केलेले जुलूम इतिहासात नोंदलेले आहेत आणि ते झाकण्याची गरज नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये मोठी किंमत देऊन हा किल्ला जिंकला, तो विजय आपल्या अभिमानाचा आहे. परंतु त्याच चिमाजी अप्पांच्या सैन्याने शरण आलेल्या शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले, आणि त्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा आपल्या पूर्वजांनी वितळवून टाकल्या नाहीत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर बाळ येशूसह मरियेची आकृती असलेली घंटा आहे, भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटाही वसईचीच असे सांगितले जाते. ज्या घंटांना आपण इतकी वर्षे हात जोडत आलो, त्या ज्या गावच्या मनोऱ्यांतून आल्या तेथील उरलेल्या मनोऱ्याशी आपला काही संबंध नाही, असे म्हणणे मला पटत नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चचा उंच कळस १८६५ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यासाठी सर कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनी ७,५०० रुपये दिले होते. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्याविषयी येथील ख्रिस्ती बांधवांच्या मनात असलेल्या भक्तीचा आदर सर्वच वसईकर करतात.

चर्च पुन्हा बांधावे, त्यावर नवे छप्पर घालावे, असे माझे म्हणणे नाही. अवशेष अवशेष म्हणूनच टिकावेत. पहिल्या टप्प्यात मनोऱ्याची संरचनात्मक तपासणी, मुळे काढणे, माथे जलरोधक करणे, सांधे भरणे आणि जिन्याची डागडुजी एवढेच हाती घ्यावे, आणि ते होईपर्यंत वर जाणे बंद ठेवावे.

त्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाने या मनोऱ्यापुरते अंदाजपत्रक तयार करून जाहीर करावे, ही माझी पहिली विनंती आहे. आकडा समोर आल्याशिवाय कोणी देणगी देणार नाही. दुसरी विनंती वसईतील धर्मग्रामांना (चर्चच्या स्थानिक समुदायांना), देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि दुर्गप्रेमी मंडळांना आहे: सर्वांनी मिळून एकच प्रस्ताव संस्कृती निधीकडे पाठवावा. चुन्याचे काम ऑक्टोबर ते मे याच काळात होऊ शकते, त्यामुळे मंजुरीची कागदपत्रे पावसाळा संपण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवीत. या पत्रव्यवहाराचे आणि हिशेबाचे काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई