झडतीच्या वेळी मोबाइल खिशात का?

महोदय,

माझी नात रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये खेळते. तिच्या नादाने मीही, सत्तरी उलटल्यावर, अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक लीगचे जुने सामने बघू लागलो. 2020 च्या हंगामात न्यूयॉर्क आणि सिएटलच्या खेळाडूंच्या जर्सीवर एकच नाव दिसले: ब्रिओना टेलर. सामन्याआधी 26 सेकंद शांतता पाळली, कारण ती 26 वर्षांची होती. 13 मार्च 2020 च्या मध्यरात्रीनंतर लुईव्हिलचे पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिचे दार फोडून शिरले आणि गोळीबारात ती गेली. पुढे त्या शहराने न ठोठावता घुसण्याची वॉरंटेच बंद केली.

आता आमच्या रामबागेतले. गेल्या हिवाळ्यात वाड्यात वरच्या बिऱ्हाडकरूकडे झडती झाली. पंच म्हणून आलेले दोघे गल्लीत कुणाच्याच ओळखीचे नव्हते. मी विचारले, तर "काका, आपण आत बसा." जप्तीच्या यादीची प्रत त्या घरच्या आजींना मिळालीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 मध्ये शक्यतो त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच आणि घरच्यांना यादीची प्रत सांगितली आहे. कलम 105 प्रमाणे 1 जुलै 2024 पासून झडतीचे चित्रीकरणही सक्तीचे. मोबाइल मात्र साहेबांच्या खिशातच राहिला. (घरात सापडले काय? जुन्या पावत्या.)

गेल्या वर्षभरात इंदुरातल्या किती झडत्यांचे चित्रीकरण झाले, हे आपल्या वार्ताहराने पोलिसांना विचारून छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, रामबाग, इंदूर